ताज्या पावाची वेळ

भट्टीतून निघालेला पाव पहिल्या काही तासांतच बदलायला लागतो. वास उतरतो, कवचाचा कुरकुरीतपणा जातो, आतला गाभा घट्ट होत जातो. आपल्यापैकी बहुतेक जण पाव खातात तो या बदलानंतरचा. सकाळी भाजलेला, दुकानात दुपारभर पडून राहिलेला, संध्याकाळी ताटात आलेला. मिसळीसोबतचा, भाजीसोबतचा, वड्याभोवतीचा. तो सोबतीला असतो, त्याच्याकडे कुणी वेगळं बघत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात रोज इतका पाव खाल्ला जातो, तरी त्याची स्वतःची चव फार थोड्यांनी घेतलेली असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती चव कळायला तीन गोष्टी कराव्या लागतात. भट्टीपाशी जाऊन गरम पाव खायचा, खाताना त्याच्याकडे लक्ष द्यायचं आणि कधीतरी स्वतः पीठ मळून भाजून बघायचा. यातली एक केली की दुसरीची गोडी वाढते. घरी पाव भाजणाऱ्याला बेकरीतल्या पावाचं कवच वेगळं दिसू लागतं आणि चांगल्या बेकरीत जाऊन आलेल्याला घरचा पाव कुठे कमी पडला ते कळतं.

आधी वासाबद्दल. मळलेलं पीठ भट्टीत गेलं की त्याच्या वरच्या थरातलं पाणी उडून जातं. आत ओल असते तोवर गाभ्याचं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही, म्हणून गाभा पांढरा राहतो. वरचा कोरडा थर मात्र १४० अंशांच्या वर जातो आणि तिथे साखर व प्रथिनांचे घटक यांच्यात अभिक्रिया सुरू होते. लुई कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती माइयार अभिक्रिया या नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे तपकिरी ठिपके, थालीपिठाच्या भाजणीचा खमंगपणा, भाजलेल्या कॉफीचा दरवळ, या सगळ्यांमागे तीच असते. तिच्यातून वासाची शेकडो द्रव्यं तयार होतात. पावाच्या कवचाचा वास ज्याच्यामुळे लगेच ओळखू येतो, त्या द्रव्याचं नाव २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन. नाव अवघड असलं तरी वास आपल्या घरातलाच आहे, कारण आंबेमोहोर तांदळाच्या सुगंधातलं मुख्य द्रव्यही हेच. बासमतीतही ते असतं, आणि कोकणात भात शिजताना ज्या झाडाचं लांबट पान टाकतात त्या पानातही. हवेत त्याचा अगदी अल्प अंश असला तरी नाकाला कळतो. मात्र ते पावातून लवकर कमी होतं. दारासमोरच्या बेकरीतून सकाळी येणारा वास दुपारी घरी आणलेल्या पावाला नसतो, तो यामुळे.

पाव शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे, असा समज आहे. पण पिशवीत गच्च बांधून ठेवला आणि पाणी जराही उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतो. भाजताना पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना मोडते. पाव थंड झाला की ती रचना पुन्हा जुळायला लागते आणि गाभा कडक होतो. हे सर्वांत वेगाने घडतं ते फ्रिजच्या थंडाव्यात. म्हणून उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवणं ही त्याला लवकर शिळा करण्याची खात्रीची रीत आहे. एका दिवसात संपणार असेल तर बाहेर, झाकून ठेवावा. जास्त दिवस राहायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाकावा, तिथे ही क्रिया जवळपास थांबते. शिळ्या पावावर पाण्याचा हलका शिबका देऊन तो तव्यावर झाकणाखाली किंवा ओव्हनमध्ये गरम केला, तर ती रचना परत सैल होते आणि थोडा वेळ तरी पाव मऊ लागतो. पावभाजीवाला तव्यावर लोण्यात पाव परततो तेव्हा हेही साधतं.

आता भट्टीपाशी जाऊ. पावासाठी सहल करायची तर पहिला मान गोव्याचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्यामागोमाग गव्हाच्या फुगवलेल्या पावाची गरज आली. यीस्ट हाताशी नव्हतं, पण माड होते आणि माडाची सूर, म्हणजे माडी होती. सुरेत नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या किण्वाने पीठ फुगवायचं तंत्र इथल्या लोकांनी बसवलं. साष्टी तालुक्यातल्या माजोर्ड्याचे लोक या कामात आधी तरबेज झाले, असं मानलं जातं. आजही गोव्यातल्या गावांत सकाळी आणि दिवस कलताना सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला येतो. त्याच्या टोपलीत साधा मऊ पाव असतो, गोल आणि कडक कवचाचा उंडो असतो, कोंड्याची पोकळ पोय असते, कात्रीने कापून आकार दिलेला कात्र्याचा पाव असतो आणि बांगडीसारखं कडकडीत कांकण असतं. सूर आता बहुतेक भट्ट्यांतून गेली, तिची जागा यीस्टने घेतली. तरी लाकडाच्या भट्टीतून आलेली गरम पोय फोडून तिच्यातली वाफ नाकाशी घेतली की गव्हाच्या कोंड्याला किती वास असतो ते कळतं. गोव्याला जाणाऱ्यांनी हॉटेलातल्या नाश्त्याची एक सकाळ सोडावी आणि जवळच्या गावात पोदेर कुठे भाजतो ते विचारून तिथे जावं, हे मी आवर्जून सांगेन.

पावाकडे मराठी माणूस फार काळ संशयाने बघत होता. विहिरीत पाव टाकला म्हणून अख्खं गाव बाटल्याच्या कथा कोकणात आणि वसईकडे अजून सांगितल्या जातात. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कुणाच्या हातचं खाल्लं यावरून माणसाला वाळीत टाकणारा तो समाज होता. त्याच शहरात पुढे दर सणाला बिस्किटांसाठी रांगा लागल्या, हा बदल मला मोठा वाटतो. तो घडवण्यात इराण्यांच्या उपाहारगृहांचा आणि बेकऱ्यांचा वाटा मोठा आहे. मुंबईत धोबीतलावजवळची कयानी अँड कंपनी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया १९२३ ची. कामगार, कारकून, विद्यार्थी, वकील असे सगळ्या जातिधर्मांचे लोक एकाच संगमरवरी टेबलाशी बसून ब्रून मस्का आणि चहा घेत, अशी जागा त्या काळात दुसरी क्वचितच होती. पुण्यात लष्कर भागातली कयानी बेकरी १९५५ मध्ये सुरू झाली आणि तिची श्रूजबेरी बिस्किटं पुण्याहून परत जाताना न्यायची वस्तू झाली. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नसमारंभाला फुगे तळतात, तेही आंबवलेल्या पिठाचेच. पावाच्याच कुळातले, फक्त भट्टीऐवजी तेलात फुललेले.

ब्रून खाल्ला नसेल तर तो सहलीच्या यादीत जरूर घ्या. बाहेरून इतका कडक की सुरी लावली की चुरा उडतो, आत मऊ. त्याचा आनंद अर्धा कानांनी घ्यायचा असतो, आणि याला आधार आहे. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याचे वेफर्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांनाच ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातला उंच पट्टीचा भाग, वाढवला की तेच वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. 

इथून लक्ष देऊन खाण्याकडे येऊ. हल्ली याला वेगवेगळ्या नावांनी शिबिरं भरतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये तणावावर उपाय म्हणून जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एकच मनुका हातात घेऊन बघायचा, हुंगायचा आणि अगदी सावकाश चावायचा असा एक धडा आहे, तो जगभर पसरला. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम दिले आहेत. फार भरभर खाऊ नये, फार रेंगाळत खाऊ नये, अन्नात मन ठेवून खावं, असं तिथे म्हटलं आहे. बडबडू नये, हसू नये, असंही आहे. या शेवटच्या नियमाशी मी सहमत नाही. इराण्याच्या टेबलाशी मित्राबरोबर बसून खाल्लेल्या बनमस्क्याला त्या गप्पांमुळेच चव येते. लक्ष उडवतो तो मोबाइल. समोरचा माणूस आपल्यासोबत तोच घास खात असतो, तो चवीबद्दल बोलतो, आपणही बोलतो आणि लक्ष पुन्हा घासाकडे येतं. पडद्यावरचं काहीही आपल्याला ताटाकडे परत आणत नाही. फोटो काढायचा असेल तर एक काढावा आणि फोन पिशवीत टाकावा.

लक्ष देणं म्हणजे नेमकं काय करायचं, ते पावावरच करून बघण्यासारखं आहे. ताज्या पावाचा एक तुकडा नाक चिमटीत धरून चावा. खारट, किंचित गोड, मऊ, एवढंच कळेल. मग नाक सोडा. अचानक गहू, भाजलेपण, आंबवण, लोणी, सगळं एकदम येतं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग म्हणजे तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा वास असतो. घास घाईने गिळला तर त्या वासाला वर चढायला वेळच मिळत नाही. दुसरा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. साध्या पावाचा घास गिळायची घाई न करता बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडून त्याची साखर करू लागतं. पावाची ही दुसरी चव सावकाश खाणाऱ्यालाच मिळते.

सावकाश खाण्याचा पोटालाही उपयोग आहे. जठराचा ताण आणि आतड्यांतून निघणारी संप्रेरकं मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात, पण तो पूर्ण पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाच मिनिटांत जेवण उरकलं तर निरोप यायच्या आतच जास्तीचं खाऊन झालेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तितकं खाऊ दिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि खाण्याचा वेगही अधिक होता. चावायला कष्ट नसलेलं अन्न भराभर आत जातं. मैद्याचा मऊ पावही याच जातीकडे झुकतो आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो, हे मधुमेह्यांनी ध्यानात ठेवायला हवं. कडक कवचाचा उंडो किंवा कोंड्याची पोय निदान चावायला लावते.

आणि आता भाजणं. घरी बेकिंग म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे परदेशी उपकरणं आणि चकचकीत केक येतात. वस्तुस्थिती अशी की खाली-वर उष्णता देऊन भाजण्याची कला मराठी आणि कोकणी स्वयंपाकघरात कधीचीच आहे. कोकणात काकडीचं धोंडस जाड बुडाच्या भांड्यात घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजत. सीकेपी घरांतली कोळंबीची भानोळीही तशीच. गोव्यात बिबिंक थरावर थर घालत, प्रत्येक थर वरच्या विस्तवाने भाजत करतात, आणि गोव्याच्या या बिबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. विदर्भात शेतात नाहीतर देवळाच्या आवारात माणसं जमवून गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजतात आणि तूप ओतून, वांग्याच्या भाजीबरोबर खातात. सहल, भाजणं आणि रमून खाणं, तिन्ही एका जागी बघायचं असेल तर त्या पंगतीत बसावं. आधीच्या पिढीने कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक केले. ते आजही होतात. मंद ते मध्यम आचेवर पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

पाव करायचा तर पहिल्यांदा वजनकाटा घ्या. वाटी हलकेच भरली की दाबून भरली, यावर पिठाचं माप बरंच बदलतं आणि पावात ते लगेच दिसतं. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण ३२० ग्रॅम पाणी किंवा दूध-पाणी, १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि शेवटी ३० ग्रॅम लोणी. पाणी कढत नको, ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. पीठ हाताला चिकटतं तेव्हा आणखी मैदा टाकायचा मोह होतो, तो टाळा. मळत राहिलं की गव्हातली दोन प्रथिनं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, पाण्याच्या साहाय्याने एकमेकांत गुंतून लवचिक जाळी करतात. छोटा गोळा बोटांवर ताणला आणि न फाटता आरपार उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला, की मळणं पुरे. यीस्टने सोडलेला वायू ही जाळी धरून ठेवते, त्याने पाव फुगतो.

पुस्तकातली वेळ मात्र पाळू नका. थंड देशांत दीड-दोन तास लागणारं पीठ आपल्याकडे मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतं. फार वेगाने फुगलेल्या पावाला चव कमी असते आणि तो भट्टीत बसतो. उन्हाळ्यात गार पाणी घ्यावं, यीस्ट कमी करावं, किंवा मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश आंबू द्यावं. भाजलेला पाव फ्रिजमध्ये बिघडतो, तिथे ठेवलेलं कच्चं पीठ मात्र चवीला सुधारतं. डोसा आणि आंबोळीचं पीठ सांभाळणाऱ्या घरात हवामान बघून वेळ ठरवायची सवय असतेच, ती इथे कामाला येते. पिठावर बोट हलकेच दाबा. खड्डा सावकाश भरून आला तर भट्टीत घालायची वेळ झाली.

लादीपाव हवा असेल तर गोळे एकमेकांना खेटून लावा, कडा मऊ राहतात. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तरी २०० अंशांवर तापू द्या आणि मग वीस मिनिटांच्या आसपास भाजा. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो, तेव्हा आत ठेवायचा साधा तापमापक फार उपयोगी पडतो. ब्रूनसारखं कवच हवं तर पहिली दहा मिनिटं ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याची थाळी ठेवायची. वाफेमुळे वरचा थर लगेच सुकत नाही, पाव पुरता फुलतो आणि नंतर कवच पातळ व कुरकुरीत होतं. झाला का हे कानांनी ओळखता येतं. पावाच्या बुडाशी बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा.

पूर्ण कणकेचा पाव जड होतो, अशी तक्रार असते. आपली चक्कीची कणीक जात्याच्या दाबाने दळलेली असते, तिच्यातले स्टार्चचे कण जास्त फुटलेले असतात, म्हणून ती मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते. कोंड्याच्या कडा ग्लुटेनची जाळी कापतात. पाणी वाढवून, मळण्याआधी अर्धा तास भिजवून ठेवलं तर पाव सुधारतो, पण बेकरीसारखा हलका होत नाही. त्याला त्याची स्वतःची चव आहे, ती त्याच्या अटींवर खावी.

पावाचा धीर होत नसेल त्यांनी नानकटाईपासून सुरुवात करावी. इथे ग्लुटेन नको असतं. घट्ट तूप आणि पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग मैदा, थोडं बेसन, चमचाभर रवा, वेलची. तुपाचा थर पिठाच्या कणांना लपेटतो, पाणी आत जात नाही, जाळी बनत नाही आणि नानकटाई तोंडात विरघळते. शंकरपाळ्यांत किंवा करंजीच्या पारीत मोहन घालतो त्यामागचं शास्त्र हेच. मोहन किती घालायचं हे ज्या हाताला कळतं, त्या हाताला नानकटाई अवघड नाही.

एके काळी महाराष्ट्रातल्या लहान शहरांत दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत घरचं पीठ, तूप, साखर घेऊन लोक बेकरीत जात आणि पत्र्याचे डबे भरून बिस्किटं, नानकटाई भाजून आणत. भट्टी बेकरीवाल्याची, जिन्नस आपला. मुलांना भट्टीचं तोंड, लांब दांड्याचं फावडं आणि एका दमात बाहेर निघणारे पत्रे तिथेच बघायला मिळत. आता या भट्ट्या बदलत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. चव जाईल अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. मला हा बदल योग्य वाटतो. तो धूर आधी भट्टीसमोरच्या कामगाराच्या छातीत जातो आणि पावाचं कवच मुख्यतः उष्णतेने घडतं, लाकडाने नाही. छोट्या बेकऱ्यांना नव्या भट्टीचा खर्च पेलता यावा यासाठी मदत मात्र मिळायलाच हवी, नाहीतर भट्टीबरोबर बेकरीही बंद पडेल.

काही गावांत बेकरीवाले आजही किलोमागे मजुरी घेऊन घरचं पीठ भाजून देतात. तुमच्या जवळच्या बेकरीत या दिवाळीच्या आधी आठ दिवस जाऊन विचारा, घरचं तूप आणि घरची कणीक न्या, मुलांना बरोबर घ्या आणि पत्रा बाहेर येईपर्यंत तिथेच थांबा.